सोयीची सक्ती होते तेव्हा

रत्नागिरी जिल्ह्यातील मुरुडचे नाव घेतले, की ऐकणारा हमखास जंजिऱ्याविषयी विचारतो. ते मुरुड रायगड जिल्ह्यातले. हे मुरुड दापोली तालुक्यातले, हर्णैच्या शेजारचे, नारळी-पोफळीच्या वाड्यांत दडलेले. आणि महाराष्ट्राला त्याची खरी ओळख आहे ती महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव म्हणून. १८७५ साली सतरा वर्षांचे धोंडो कर्वे याच गावातून काही सोबत्यांसह पायी साताऱ्यास निघाले. सहाव्या इयत्तेची सार्वजनिक परीक्षा द्यावयाची होती; ती उत्तीर्ण होणाऱ्यास मास्तरकीचा मार्ग मोकळा होत असे. पावसापाण्यातून, पाठीवर ओझे बांधून, कुंभार्ली घाट चढून त्यांनी शंभराहून अधिक मैलांची वाट तुडवली. साताऱ्यास समितीपुढे उभे राहिल्यावर त्यांना सांगण्यात आले, की तुम्ही सतरा वर्षांचे दिसत नाही. सबब परीक्षेस बसता येणार नाही. मुलगा गेला तसा परत आला.

ही हकीकत आपण मुलांना चिकाटीचा धडा म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने ती जरा निराळ्या दृष्टीने वाचावी. तीत दोन अन्याय आहेत. एक अंतराचा: ज्याचे घर परीक्षाकेंद्रापाशी, त्याला परीक्षा तीन तासांची, ज्याचे घर मुरुडला, त्याला ती आठ-दहा दिवसांची. दुसरा अन्याय दारावर बसलेल्या माणसाचा. त्याने चेहरा पाहून ठरवले, आणि त्या ठरवण्यावर दाद मागण्याची सोय नव्हती. आज दीडशे वर्षांनंतर आपल्याला असे सांगण्यात येते, की यंत्राने हे दोन्ही अन्याय एकदमच नाहीसे केले आहेत. अंतर उरले नाही, कारण सर्व काही पडद्यावर आहे. आणि चेहरा पाहून ठरवणारा माणूसही उरला नाही, कारण निर्णय संगणक देतो. या दाव्यात तथ्य किती, हे मुरुडसारख्या गावातून जितके स्पष्ट दिसते तितके मुंबईतून किंवा दिल्लीतून दिसत नाही.

प्रथमच एक गोष्ट मान्य केली पाहिजे. यंत्राने पुष्कळ भले केले. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला, आणि ज्यांनी त्या उताऱ्यासाठी तलाठ्याच्या चावडीवर हेलपाटे घातले आहेत, त्यांना त्याचे महत्त्व सांगावयास नको. पैसे थेट खात्यात जमा होऊ लागल्याने मधल्या गळतीच्या काही वाटा बुजल्या. आमच्या पिढीतील कारकुनांनी आणि शिक्षकांनी २००१ नंतर एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी केलेली धडपड आज आठवली म्हणजे हसू येते. पण त्या धडपडीतूनच कित्येकांची संगणकाची भीती गेली, हेही खरे. तेव्हा प्रस्तुत लेखकाचे भांडण यंत्राशी नाही. भांडण आहे ते एका छोट्याशा, फारसा गाजावाजा न होता झालेल्या बदलाशी. जी गोष्ट सोय म्हणून आली, ती बघता बघता अट झाली. सोय असमान वाटली गेली, तर काहींची गैरसोय होते. अट असमान वाटली गेली, तर नागरिकांच्याच श्रेणी पडतात.

ही विषमता किती मोठी आहे? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या पंचाहत्तराव्या फेरीत आढळले, की ग्रामीण भारतातील १०० पैकी जेमतेम १५ घरांत इंटरनेटची सोय होती आणि संगणक चार-साडेचार घरांत. शहरांत हेच आकडे अनुक्रमे ४२ आणि २३ होते. नंतर फोन स्वस्त झाले आणि चित्र झपाट्याने पालटले. ग्रामीण शाळकरी मुलांच्या घरांपैकी २०१८ मध्ये सुमारे ३७ टक्के घरांत स्मार्टफोन होता, तो २०२० मध्ये ६२ टक्के आणि २०२२ मध्ये ७५ टक्के घरांत असल्याचे ‘असर’च्या पाहण्यांनी दाखवले. म्हणून दरी बुजली, असे म्हणण्याचा मोह होतो. पण घरात फोन असणे आणि तो हातात असणे यांत फरक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे देशातील ५७ टक्के पुरुषांनी सांगितले. स्त्रियांत हे प्रमाण ३३ टक्के होते. एकाच छपराखाली, एकाच चुलीवरचे अन्न खाणाऱ्या दोन माणसांमधील हे अंतर आहे. जगाचे चित्र याहून निराळे नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२४ मध्ये जगातील सुमारे २६० कोटी माणसे इंटरनेटच्या बाहेर होती, आणि सर्वांत गरीब देशांत जेमतेम २७ टक्के लोकांपर्यंत ते पोहोचले होते.

अमर्त्य सेन यांनी विषमतेच्या चर्चेला जे वळण दिले, त्याचा येथे उपयोग होतो. माणसाजवळ वस्तू आहे की नाही, एवढे पाहून भागत नाही. त्या वस्तूच्या साह्याने त्याला काय करता येते, हे पाहावे लागते. सायकल सर्वांना दिली तरी पंगू माणसाला तिचा उपयोग नाही. फोनचेही तसेच आहे. त्यात पैसे भरलेले हवेत, वीज हवी, मनोऱ्याची लहर पोहोचावयास हवी, अक्षर वाचता यावयास हवे, आणि पडद्यावर इंग्रजीत उमटलेल्या दोन ओळींच्या चुकीचा अर्थ लावून पुन्हा प्रयत्न करण्याइतका आत्मविश्वास हवा. यांपैकी एकही दुवा निखळला, की फोन म्हणजे खिशातला दगड.

३ जून २०२० रोजी हे सारे दुवे एकदमच निखळले. निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि दापोली-मंडणगडची आगरे आडवी करून गेले. नारळ, पोफळी, आंबा, घरांची कौले आणि विजेचे खांब, कशाचाच टिकाव लागला नाही. कित्येक गावांतील वीज पुढे अनेक आठवडे आली नाही. टाळेबंदी चालू होती, शाळा बंद होत्या. आणि नेमक्या त्याच महिन्याच्या मध्यावर राज्यातील नवे शैक्षणिक वर्ष ‘ऑनलाइन’ सुरू झाले. ज्या घरावर छप्पर नव्हते, त्या घरातील मुलाला पडद्यापुढे बसून हजेरी लावावयाची होती. सिंधुदुर्गातील एका विद्यार्थिनीने लहर मिळावी म्हणून डोंगरावर झोपडी उभारून पावसात अभ्यास केल्याची बातमी त्या वर्षी सर्वत्र छापून आली आणि तिच्या जिद्दीचे कौतुक झाले. कौतुक करावेच, पण जो समाज डोंगर चढणाऱ्या मुलीचे कौतुक करून थांबतो, त्याने साताऱ्याच्या वाटेकडून फारसे काही घेतले असे म्हणता येत नाही. त्याच काळात जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ नावाची पाठमाला सुरू झाली, तिची आठवण मात्र आवर्जून ठेवली पाहिजे. दूरचित्रवाणी जुनी, पण ती अधिक घरांत होती. नव्या साधनाबरोबर जुने साधनही चालू ठेवावे, एवढी साधी बुद्धी त्यामागे होती.

पुढल्या वर्षी हीच गोष्ट लसीच्या रूपाने आली. १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी लसीकरण खुले झाले, पण नोंदणी केवळ संगणकीय. ज्याचे बोट जलद चाले, त्याला लस मिळे. मुंबई-पुण्याची माणसे मोटारी काढून ग्रामीण आरोग्यकेंद्रांवर आली, लस टोचून घेऊन गेली, आणि केंद्राच्या शेजारी राहणारा मजूर दाराशी उभा राहून पाहत राहिला. सर्वोच्च न्यायालयाने त्या महिन्याच्या अखेरीस या व्यवस्थेवर बोट ठेवून डिजिटल दरीचा प्रश्न सरकारपुढे मांडला, आणि मग केंद्रावर येऊन नाव नोंदवण्याची मुभा सर्वत्र झाली. लस पुरेशी नव्हती हे सर्वांनाच ठाऊक होते. टंचाईच्या काळात आधी कोणास द्यावे, हा नीतीचा आणि राजकारणाचा प्रश्न असतो. त्याची चर्चा व्हावयास हवी होती. यंत्राने तो प्रश्न न विचारताच सोडवला, आणि सोडवला तो ज्याच्याजवळ अधिक होते त्याच्या बाजूने.

आपत्काळातील उदाहरणांवरून सामान्य काळाचा निष्कर्ष काढू नये, असा आक्षेप कोणी घेईल. तर मग सामान्य काळाकडे वळू. अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश पूर्वी मुंबई, पुणे, नागपूर अशा महानगरी क्षेत्रांपुरते होते. तेथे त्याला कारण होते. विद्यार्थी अफाट, नामांकित महाविद्यालये मोजकी आणि वशिल्याची चर्चा जुनी. २०२५ पासून ही पद्धत सबंध राज्याला लागू करण्यात आली. २१ मे रोजी नोंदणी सुरू व्हावयाची होती. त्या दिवशी संकेतस्थळच बंद पडले आणि नोंदणी २६ मेपासून करावी लागली. संकेतस्थळे बंद पडतात, पुन्हा चालू होतात. तो मुद्दा गौण आहे. मुख्य मुद्दा असा, की राज्यात अकरावीच्या जागा विद्यार्थ्यांपेक्षा अधिक होत्या. खेड्यातील कनिष्ठ महाविद्यालयात तर शिक्षकच विद्यार्थी शोधत वाड्यावाड्यांवर फिरतात, हे वाचकांपैकी पुष्कळांना अनुभवाने ठाऊक असेल. जेथे चुरस नाही तेथे चुरशीची यंत्रणा कशासाठी? ज्या मुलीला दहावीचे गुणपत्रक घेऊन आपल्याच शाळेच्या वरच्या मजल्यावर जाऊन नाव घालावयाचे होते, तिला आता पसंतीक्रम भरावयाचा, कागद चढवावयाचे आणि फेऱ्यांची वाट पाहावयाची. ही वाट पाहताना घरात दुसरा विचार सुरू होतो. मुलगी असेल तर तो विचार लग्नाचा असतो. मुलगा असेल तर मुंबईचा. शिक्षण सुटते ते बहुधा एखाद्या मोठ्या निर्णयाने सुटत नाही, अशा रिकाम्या पंधरवड्यांत सुटते.

कोकणाची एक विशेष अडचण आहे, आणि तिच्याकडे योजना आखणाऱ्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही. रत्नागिरी जिल्ह्याची अर्थव्यवस्था एके काळी मनीऑर्डरवर चाले, असे म्हणत. कर्ता पुरुष मुंबईला, म्हातारी माणसे आणि बायका गावात. आज मनीऑर्डर गेली, पण घराची ही विभागणी राहिली. आधार कार्डाला जोडलेला फोन-क्रमांक पुष्कळदा मुंबईच्या मुलाचा असतो, कारण कार्ड काढले त्या वेळी घरात तोच एक क्रमांक होता. माझ्या माहितीतील एक वृद्ध बाई एका योजनेच्या पडताळणीसाठी एसटीने दहा-बारा किलोमीटर दापोलीस आल्या. केंद्रावरील मुलाने सर्व माहिती भरली, आणि मग संकेतांक गेला तो मुंबईत पाळीवर असलेल्या मुलाच्या फोनवर. कारखान्यात फोन आत नेता येत नाही. संकेतांकाचे आयुष्य काही मिनिटांचे. बाई संध्याकाळच्या गाडीने परत गेल्या; पुढल्या आठवड्यात पुन्हा आल्या. त्यांना मी विचारले, तेव्हा त्या तक्रारीच्या सुरात बोलल्याच नाहीत. “आमचंच काहीतरी चुकलं असणार,” एवढेच म्हणाल्या. मला विषमतेच्या कुठल्याही कोष्टकापेक्षा हे वाक्य अधिक अस्वस्थ करते.

याच प्रकारचा अनुभव २०२५ मध्ये राज्यभर आला. लाडकी बहीण योजनेच्या लाभार्थी स्त्रियांना त्या वर्षी सप्टेंबरात संगणकीय पडताळणी सक्तीची झाली, आणि तीत स्त्रीच्या स्वतःच्या आधार क्रमांकाबरोबर पतीच्या किंवा वडिलांच्या आधार क्रमांकाचीही पडताळणी मागण्यात आली. ज्यांचा पती नाही आणि वडीलही नाहीत, अशा बायकांनी काय करावे, हा प्रश्न अर्ज तयार करणाऱ्यांना आधी पडला नाही. बायकांनी विचारल्यावर पडला, आणि नोव्हेंबरातील मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवावी लागली. त्यापूर्वी २०१७ सालच्या कर्जमाफीत शेतकऱ्यांनी सहकुटुंब अर्ज भरण्यासाठी केंद्रांपुढे रात्री-अपरात्री रांगा लावल्या होत्या आणि तेव्हाही मुदत वाढवावी लागली होती. मुदतवाढ हीच जणू आपल्या डिजिटल प्रशासनाची नित्याची पद्धत झाली आहे. मुदत वाढते तेव्हा सरकारची उदारता दिसते. मुळात ती अपुरी का होती, हे कोणी विचारत नाही.

आता या व्यवहाराच्या अर्थशास्त्राकडे पाहू. संगणकीकरणामुळे प्रशासनाचा खर्च वाचतो, असे सांगतात. खिडकीवरचा कारकून कमी झाला, कागद वाचला, वेळ वाचला. पण हा खर्च नाहीसा झाला काय? त्या बाईंचे दोन दिवस, चार वेळचे एसटीचे भाडे, केंद्रचालकाचे शुल्क, छायाप्रतींचे पैसे, मुंबईतल्या मुलाची अर्ध्या दिवसाची रजा, हे सगळे कुठे तरी खर्ची पडलेच. सरकारच्या खतावणीतून ती रक्कम गरिबाच्या वहीवर गेली, आणि गरीब वही ठेवत नसल्यामुळे ती कोठेच दिसत नाही. शिक्षकांना हे निराळे सांगावयास नको. २०१५ पासून ‘सरल’सारख्या प्रणालींत माहिती भरण्याचे जे काम शाळांवर आले, ते किती गुरुजींनी स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या पैशाने आणि रात्री लहर बरी मिळते म्हणून रात्री केले, याचा हिशेब कोणी मांडला आहे?

जेथे अट असते आणि ती पुरी करण्याची शक्ती थोड्यांजवळ असते, तेथे मध्यस्थ उभा राहतो. रत्नागिरी जिल्ह्याला हे शिकवावे लागत नाही. हा खोतीचा मुलूख. खोत हा सरकार आणि रयत यांच्या मधला माणूस; सरकारला सारा भरण्याची सोय आणि रयतेला मात्र सरकारपर्यंत पोहोचण्याचा एकच रस्ता, तो खोताच्या ओटीवरून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकरी मोर्चाने मुंबईत विधिमंडळावर गेले, आणि तरी खोती कायद्याने जाण्यास १९४९ साल उजाडावे लागले. आज गावोगावच्या सेवाकेंद्रांत बसणारा तरुण खोत नव्हे. बिचारा बहुधा बेकार पदवीधर असतो आणि कमिशनवर जगतो. पण त्याला जी जागा मिळाली आहे ती जागा खोताची आहे. कोणाचा अर्ज आज चढवावा, कोणाचा उद्या, कोणाला ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून परत पाठवावे, कोणाच्या खात्याचा संकेतशब्द आपल्याच वहीत लिहून ठेवावा, हे तो ठरवतो. माणूस सज्जन असला तर गावाचे नशीब. व्यवस्थेने मात्र सज्जनतेवर विसंबून राहू नये, हे आपण खोतीच्या शंभर वर्षांत पुरेसे शिकलो असावयास हवे होते.

येथवर सामाजिक परिणामांविषयी झाले. राजकीय परिणाम अधिक खोल आहेत, आणि ते लवकर दिसत नाहीत. रांग ही कंटाळवाणी गोष्ट खरी; पण लोकशाहीत ती एक शाळाही असते. रॉकेलच्या, रेशनच्या, पाण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांना एकमेकींची अडचण एकच आहे हे समजले, तेव्हाच १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली लाटणी रस्त्यावर आली. १९८० साली चाकणला शरद जोशींभोवती कांदेवाले जमले ते बाजारात एकत्र येत होते म्हणून. पडद्यापुढे प्रत्येक जण एकटा असतो. आपला अर्ज नामंजूर झाला हे त्याला कळते. शेजारच्या चाळीस जणांचाही त्याच कारणाने नामंजूर झाला हे कळत नाही. त्यामुळे जो प्रश्न सार्वजनिक आहे तो खाजगी दुर्दैवासारखा वाटू लागतो, आणि “आमचंच चुकलं असणार” हे उत्तर तयार होते. शिवाय दाद मागावयाची कोणाकडे? तहसीलदाराला घेराव घालता येतो, त्याच्या टेबलावर निवेदन आपटता येते, वर्तमानपत्रात त्याच्याविरुद्ध चार ओळी लिहिता येतात. सर्व्हरला घेराव घालता येत नाही.

दुसरा परिणाम याच्या अगदी उलट दिशेने येतो. ज्यांच्याजवळ फोन आला पण पडताळून पाहण्याची साधने आली नाहीत, अशांचा एक मोठा वर्ग निर्माण झाला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, असा संदेश फोनाफोनी पसरला होता. मारणारे आदिवासी, मरणारे भटके. दोघेही या देशाच्या शेवटच्या पंक्तीतले. अफवा पोहोचावयास जितकी लहर पुरली, तितकी खातरजमा करावयास पुरली नाही. साधनांची ही अर्धीमुर्धी वाटणी साधनांच्या अभावापेक्षा कधी कधी अधिक घातक ठरते.

आणि जे साधन नागरिकाला अट म्हणून लावले जाते, ते सरकारच्या हातात बटणाच्या रूपाने राहते, हेही विसरू नये. जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये बंद झालेली जलद मोबाइल सेवा पूर्णपणे परत येण्यास फेब्रुवारी २०२१ उजाडला. मध्यंतरी १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेट अनिश्चित काळासाठी बंद ठेवता येणार नाही असा निर्वाळा दिला होता. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर आणि बांगलादेशात जुलै २०२४ च्या विद्यार्थी आंदोलनात सत्ताधाऱ्यांचा हात प्रथम याच बटणाकडे गेला. नेपाळात सप्टेंबर २०२५ मध्ये समाजमाध्यमांवर बंदी आली, तरुण रस्त्यावर उतरले आणि काही दिवसांतच सरकार कोसळले. विकसनशील देशांच्या राज्यकर्त्यांना एकाच वेळी सर्व प्रजा यंत्रात हवी असते आणि यंत्र आपल्या मुठीत हवे असते. १९८० साली युनेस्कोसाठी शॉन मॅकब्राइड यांच्या आयोगाने जो अहवाल दिला, त्यात माहितीचा प्रवाह श्रीमंत देशांकडून गरीब देशांकडे एकाच दिशेने वाहतो ही चिंता होती. आज तो प्रश्न देशांच्या सीमेवर उरलेला नाही. गावाच्या वेशीवर आणि घराच्या उंबरठ्यावर आला आहे.

यावर सरकारी उत्तर ठरलेले असते: मनोरे वाढवू, तारा टाकू. ते करावयासच हवे. ऑक्टोबर २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याची योजना मंजूर झाली, २०१५ नंतर ती ‘भारतनेट’ या नावाने चालली, आणि तिच्या मुदती किती वेळा पुढे गेल्या हे सर्वांनी पाहिले आहे. या कामासाठी पैसा नाही असेही नव्हते. २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दुर्गम भागांच्या सेवेसाठी निराळ्या निधीत जमा होते. २०२३ च्या कायद्याने त्याला ‘डिजिटल भारत निधी’ हे नाव मिळाले. हा पैसा अखेर आपणच फोनच्या बिलांतून भरतो, आणि त्यातील मोठी शिल्लक वर्षानुवर्षे खर्चाविना राहिली. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हीच तक्रार केली होती, की सरकारचा महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या पदरात पडतो.

परंतु उद्या प्रत्येक वाडीवर मनोरा उभा राहिला, तरी माझा मुद्दा शिल्लक राहतो. म्हातारी बोटे यंत्रावर उमटणार नाहीत, मुलाचा क्रमांक मुंबईतच असेल, पुढले वादळ पुन्हा खांब पाडील. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी, अ‍ॅसिडहल्ल्यात डोळे-चेहरा गमावलेल्यांच्या आणि अंधांच्या याचिकांवर निर्णय देताना, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. त्या याचिका कशावरून झाल्या? पडताळणीच्या वेळी यंत्रापुढे डोळ्यांची उघडझाप करता येत नाही, एवढ्यावरून. चेहरा पाहून दारातून परत पाठवण्याची साताऱ्याची रीत यंत्राने मोडली नाही, उचलली.

म्हणून दारे दोन असली पाहिजेत, आणि दुसरे दार कृपा म्हणून नव्हे, कायदा म्हणून उघडे असले पाहिजे. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. सेवा किती दिवसांत मिळावी आणि न मिळाल्यास अपील कोठे करावे, हे तो सांगतो. त्यात चार गोष्टी घालण्यास नवी संस्था लागत नाही. शिष्यवृत्ती, प्रवेश, पेन्शन, नुकसानभरपाई यांसारख्या कोणत्याही हक्कासाठी कागदावरचा अर्ज ग्रामपंचायतीत स्वीकारला जावा आणि त्याची तारखेसह पोच मिळावी. यंत्रात तो चढवण्याचे काम त्यानंतर सरकारचे. मुदत मोजावयाची ती पोचेच्या तारखेपासून. यंत्र बंद पडले, अंगठा उमटला नाही किंवा संकेतांक आला नाही, या कारणाने कोणताही चालू लाभ थांबवता येऊ नये. आणि नामंजुरी झाली तर तिचे कारण मराठीत, लेखी, आणि एखाद्या अधिकाऱ्याच्या नावानिशी मिळावे. हे शेवटचे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण नाव असले म्हणजे जाब विचारता येतो.

याला खर्च येईल, असे सांगण्यात येईल. येईलच. तो आजही होतोच आहे, फक्त कोण सोसतो एवढाच फरक आहे. ज्या धोंडो कर्व्यांना साताऱ्याहून परत पाठवले, त्यांनी १९३६ साली, वयाच्या ऐंशीकडे झुकताना, शाळा नसलेल्या खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापन केले आणि वर्गणीसाठी दारोदार फिरले. शाळा मुलाकडे गेली पाहिजे, हे त्यांना पायांनी शिकवले होते. राज्याच्या तिजोरीला दारोदार फिरावयाचे नाही. दर ग्रामपंचायतीत एक टेबल, एक कारकून, एक पोचपुस्तक आणि एक शिक्का, एवढेच लागेल. दहावीचा पुढला निकाल लागण्यापूर्वी ते मांडता येईल. टेबल जुने, लाकडी असले तरी चालेल.